कपड्यांचा ढीग आणि न जाणारं गजकर्ण



गेल्या पावसाळ्यात अंबरनाथच्या एका वस्तीत विहाराच्या ओसरीवर आरोग्य तपासणीला बसले होते. एक ताई आल्या. कमरेला, काखेत, मांडीच्या सांध्यात लालसर गोल चट्टे. म्हणाल्या, "सिस्टर, चार ट्यूबा संपल्या. लावलं की जातं, सोडलं की परत येतं." घरात सहा माणसं, त्यातल्या चौघांना तेच. मी विचारलं, "अंग पुसायला टॉवेल किती?" "दोन." "कपडे नीट सुकतात का?" त्या हसल्या. "जुलैत कुणाचे सुकतात?"

त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता. काही वर्षांपूर्वी माझ्या घरात हेच झालं होतं. आधी मुलाला, मग नवऱ्याला, मग मला. नर्सिंगचा डिप्लोमा कपाटात आणि घरभराचा एकच ओला टॉवेल दाराच्या खिळ्यावर! मोरीत तीन-तीन दिवसांचे कपडे तुंबलेले. मलमं बदलत सहा महिने गेले. शेवटी आमचं गजकर्ण गेलं ते गोळ्या आणि धुण्याची पद्धत, दोन्ही बदलल्यावर. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर धुण्याबद्दल लिहिते आहे.

बुरशी कपड्यात राहते

गजकर्ण म्हणजे बुरशी. तिला घाम, ऊब आणि ओल हवी असते. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. त्यात लोकलच्या गर्दीत भिजलेले कपडे तासन्‌तास अंगावरच वाळतात.

चट्ट्यावरून त्वचेचे बारीक कोंड्यासारखे कण झडतात. त्यांना बुरशी चिकटलेली असते. ते कण कमरपट्टीत, शिवणीत, मोज्यात, टॉवेलात, चादरीत अडकतात आणि त्यातली बुरशी कित्येक आठवडे जिवंत राहू शकते. म्हणजे अंगावर औषध लावायचं आणि वर तीच बुरशी असलेली चड्डी घालायची, असं आपलं चालू असतं. थंड पाण्यात सगळे कपडे एकत्र भिजवले तर एकाची बुरशी दुसऱ्याच्या कपड्यांत जाते.

दुसरं कारण मलमाचं. दुकानातून विचारून आणलेल्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, हे लक्षात ठेवा. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि त्वचा पातळ होते. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण चिवट झालं आहे, त्यामागे ही मलमं हे एक मोठं कारण आहे.

ढीग का तुंबतो?

आळसामुळे नाही. धुण्याला तीन गोष्टी लागतात: पाणी, जागा आणि वेळ. आपल्याकडे तिन्हींची ओढ. बारवी धरण बदलापूरच्या उशाला आहे, उल्हास नदी दारातून जाते, तरी आपल्या कित्येक वस्त्यांत नळ ठरावीक वेळेलाच येतो, तोही बारीक धारेने. उल्हासनगर कॅम्पातल्या घरांना गॅलरी नाही, दोन घरांच्या मधल्या बोळात दोरी. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी बाई रात्री आठला घरी येते. मग रविवारी सगळं एकदम काढायचं म्हणून कपडे साठतात. पावसाळ्यात रविवारी धुतलेलं बुधवारपर्यंत सुकत नाही. तोवर घालायला काही नाही, म्हणून दमटच अंगावर चढतं.

यातून सुटायचं तर सगळं धुणं सारखं मानणं सोडा. काही कपडे आजच धुवायला हवेत आणि काही आठवडाभर थांबले तरी बिघडत नाही. हे वेगळं केलं की रोजचं धुणं एका बादलीत मावतं.

तीन ठिकाणी कपडे टाका

तीन जुन्या बादल्या किंवा तीन गोण्या पुरेत. जाळीच्या असल्या तर उत्तम, हवा लागते.

पहिली, रोजची: आतले कपडे, मोजे, बाळाची दुपटी आणि लंगोट, पाळीचं कापड, आजारी माणसाचे कपडे. हे दुसऱ्या दिवसावर टाकायचे नाहीत.

दुसरी, एक दिवसाआडची: शाळेचा गणवेश, कामावरचे कपडे, घरातले गाऊन, अंगाचे टॉवेल. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. मोठा टॉवेल परवडत नसेल तर पातळ पंचा घ्या. तो लवकर सुकतो आणि धुवायलाही हलका.

तिसरी, आठवड्याची: चादरी, उशांचे अभ्रे, साड्या, जीन्स. जीन्स उल्हासनगरात शिवली जाते म्हणून घरोघरी चार-चार असतात, पण पावसाळ्यात तिच्यासारखं त्रासाचं कापड नाही. जाड शिवण दोन-तीन दिवस ओलीच राहते. जांघेत गजकर्ण असेल त्याने पावसाळाभर जीन्स बाजूला ठेवावी आणि सैल सुती पँट वापरावी.

एक नियम मुलांनाही लावा. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाने आंघोळ करतानाच आपली चड्डी-बनियन किंवा निकर धुवायची. पाच मिनिटांचं काम आहे. मुलगी आणि मुलगा दोघांनीही.

ओला कपडा ढिगात कधी टाकू नका. भिजून आलात तर आधी पिळून दोरीवर टाका, मग धुवायचा तेव्हा धुवा. ओल्या ढिगाला एका रात्रीत वास येतो.

धुताना

साबणाच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला. त्यामुळे मळ सुटून पाण्यात जातो. याला थोडा वेळ लागतो, म्हणून अर्धा तास भिजवणं पुरेसं. रात्रभर भिजवून जास्त स्वच्छ होत नाही, उलट कुबट वास येतो. पावडर जास्त टाकली तर ती कपड्यातच राहते, अंगाला खाज सुटते आणि खळबळायला दोन बादल्या पाणी जास्त लागतं. बाळाच्या कपड्यांना हे खास लक्षात ठेवा.

मशीन घ्यायचं असेल तर आपल्या वस्तीत सेमी-ऑटोमॅटिक सोयीचं. नळाला जोर नसला तरी बादलीने पाणी भरता येतं आणि साबणाचं पाणी आधी उजळ, मग गडद कपड्यांना वापरता येतं. मात्र आजारी माणसाचे कपडे त्यात घालू नका. मशीन गच्च भरू नका. कपडे फिरले नाहीत तर धुतले जात नाहीत. शेवटच्या खळबळण्याचं पाणी फेकू नका, संडासाला आणि ओटा-लादीला वापरा.

पाणी साठवलेलं पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून, आतून घासून कोरडं करा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या काठाला चिकटतात आणि त्यांचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. धुण्यासाठी साठवलेल्या पाण्यातून ताप घरात यायला नको.

आणि एक ताकीद. पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधी एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

सुकवताना

पावसाळ्यातली खरी लढाई इथे आहे. पिळलेले कपडे जुन्या कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा एकदा दाबा. बरंच पाणी पंचा ओढून घेतो. कपडा उलटा करून वाळत घाला, म्हणजे शिवण आणि खिसे बाहेर येतात. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. एकावर एक टाकलेले चार कपडे सुकायला जितका वेळ घेतात, त्यापेक्षा कमी वेळात सुटे टाकलेले सुकतात. आतले कपडे आणि टॉवेल पंख्याखाली पहिल्या जागी, साडी-चादर नंतर. घरात वाळत घालाल तेव्हा एक खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचं माणूस असेल तर ही ओल आणि भिंतीवरची बुरशी त्याला बाधते.

कपडा सुकला का, हे मधल्या भागाला हात लावून ठरवू नका. कमरपट्टी आणि काखेची शिवण चाचपा. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे. मग गरम इस्त्री फिरवा. रोज सगळ्या कपड्यांना इस्त्री नको, आतल्या सुती कपड्यांच्या शिवणीवर फिरवली तरी पुरे. पाळीचं कापड आणि आतले कपडे लाजेने दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालतात, ते सोडा. त्यांनाच उन्हाची जास्त गरज आहे. ऊन पडलं की पहिली जागा त्यांची.

घरात आजार असेल तेव्हा

गजकर्ण: त्या माणसाचे कपडे, टॉवेल आणि चादर वेगळ्या बादलीत. पाणी साधारण ६० अंश गरम हवं. थर्मामीटर लागत नाही. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान घेतलं की तेवढं होतं. त्यात साबण घालून अर्धा तास झाकून ठेवा. हात घालू नका, काठीने हलवा आणि पोरांना लांब ठेवा. गॅसचा खर्च होतो हे मला माहीत आहे, म्हणून फक्त आजारी माणसाच्या कपड्यांना. तेवढ्याला अर्धी बादली पुरते. घरातल्या सगळ्या बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्या. चट्टे गेले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत औषध सोडू नका. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते विचारून जा.

खरूज: रात्री जास्त खाजते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या येतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि अंथरूण त्याच दिवशी गरम पाण्यात. गोधडी धुणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. अंगाबाहेर खरजेचा किडा तीन दिवसांच्या पुढे सहसा जगत नाही. मी सगळ्यांना आठवडाभर ठेवायला सांगते, म्हणजे शंका राहत नाही.

कामावरचे कपडे: एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात किंवा सफाईच्या कामावर जाणाऱ्याचे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुवायचे नाहीत. घरात झटकायचे नाहीत. दाराशीच काढून वेगळ्या पिशवीत, आणि धुताना हातमोजे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुऊन त्यांच्या बायकांना फुप्फुसाचे आजार झाल्याचं जगभर नोंदलं गेलं आहे. कामावरच गणवेश बदलायची आणि धुवायची सोय मागणं हा कामगाराचा हक्क समजा. युनियनमध्ये हा विषय काढा.

पुराचं पाणी: २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ बदलापूरकर विसरणार नाहीत. पुरात भिजलेले कपडे गटाराच्या पाण्यात भिजलेले समजा. हातमोजे घालून आधी चिखल काढा, मग गरम पाणी आणि साबण.

धुणं कुणाचं?

हे सगळं वाचून एखादी ताई म्हणेल, "सिस्टर, तुम्ही माझं काम वाढवलंत." खरं आहे, सगळं तिनेच करायचं असेल तर. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात २६, बायका ८१.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आजी-पणजींना स्वच्छतेने राहायला सांगितलं. बायकोने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं, हेही त्याच भाषणात सांगितलं. पहिली गोष्ट आपल्या बायकांनी हाडाची काडं करून पाळली. चौदा एप्रिलला रस्त्यावर पांढऱ्याशुभ्र साड्यांची रांग दिसते, ती त्यांच्याच हातची. दुसरी गोष्ट मात्र घरातल्या दादांनी पाळायची आहे.

आमच्या घरी आता पाणी भरणं आणि पिळणं नवऱ्याकडे, वाळत घालणं मुलाकडे, घड्या मुलीकडे, माझ्याकडे भिजवणं आणि ब्रश. सुरुवातीला कुरकुर झाली. मुलाने सगळे कपडे एकावर एक टाकले, दोन वेळा परत धुवावे लागले. आता त्याला सांगावं लागत नाही.

त्या अंबरनाथच्या ताईंकडे दिवाळीनंतर गेले होते. डॉक्टरांकडे चौघंही एकत्र गेले होते. दारात दोरीवर सहा पंचे होते, प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा शिवलेला. धाकट्याने आपला निळा दाखवला आणि म्हणाला, "हा माझा, दुसऱ्याला देत नाय."

आज घरी एवढंच करा. टॉवेल मोजा आणि माणसं मोजा. माणसं जास्त निघाली तर जुन्या साडीचे पंचे फाडा, प्रत्येकाला एक. बाकीचं उद्यापासून.