उन्हाळ्याच्या गोष्टी आणि पाण्याचा पेला

वाचकहो, आरंभी एक प्रश्न विचारतो. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर कोणत्या महिन्यात असते? घरातील वडीलधाऱ्यांना आणि नातवंडांना एकत्र बसवून हा प्रश्न जरूर विचारून पाहा. बहुतेक जण तत्काळ थंडीचे दिवस सांगतील. वास्तव नेमके उलट आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते. आपला उन्हाळा हा सूर्य जवळ आल्याचा परिणाम नाही. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे या काळात किरण आपल्या डोक्यावर सरळ पडतात, इतकेच.

याच गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. सूर्यापासून दूर असताना पृथ्वीची गती मंदावते. त्यामुळे मार्चमधील विषुवदिनापासून सप्टेंबरमधील विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, तर उरलेले अर्धे वर्ष १७९ दिवसांत संपते. थोडक्यात, उन्हाकडे झुकलेला सहामाहीचा काळ आठवडाभर लांब असतो! आपल्या भारतीय राष्ट्रीय पंचांगात ही गोष्ट मोठ्या सुबकपणे सामावून घेतलेली आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी हे पंचांग अमलात आले. त्यात वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पाचही महिने ३१ दिवसांचे आहेत. आकाशवाणीच्या निवेदनात ज्यांनी शके संवत्सराची तारीख वर्षानुवर्षे ऐकली, त्यांच्यापैकी कितीजणांना हे कारण ठाऊक असेल?

आरोग्याच्या पाक्षिकात खगोलाच्या गोष्टी कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देण्यासाठी मला घरचा एक प्रसंग सांगावा लागेल.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझी आई, तेव्हा तिचे वय ८१ होते, एका दुपारी विचित्र बोलू लागली. मला तिने माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. आपण पुण्यात आहोत हेच तिला उमजेना. आम्हा सर्वांच्या मनात एकच धास्ती उभी राहिली, की हा स्मृतिभ्रंशाचा आरंभ असावा. डॉक्टरांनी तपासले, जीभ पाहिली, लघवीचे प्रमाण आणि रंग विचारला आणि मग शांतपणे म्हणाले, "यांच्या शरीरात पाणीच नाही." शिरेतून सलाइन दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तहान ही शरीराची हाक आहे, पण वय वाढते तशी ती हाक क्षीण होते. तरुण माणसाचा घसा कोरडा पडतो तेव्हा तितकेच पाणी कमी झालेल्या वृद्ध माणसाला काहीच जाणवत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून धरण्याची क्षमता उतरते. घाम कमी येतो, म्हणून अंग थंड राखण्याचे साधनही दुबळे होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील साठा आणखी घटतो. शिवाय रात्री उठावे लागू नये, बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही, सुनेला त्रास नको, अशा कारणांनी अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, मुद्दामच पाणी टाळतात. हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी आईच्या मागे लागलो. दर तासाला "आई, पाणी पी." चार दिवसांत ती वैतागली. "मी काय रोपटं आहे का रे?" असे तिने विचारले आणि पेला तसाच सरकवून ठेवला. तिचे चुकले असे मला आजही वाटत नाही. तहान नसलेल्या माणसाला पाणी म्हणजे आणखी एक औषध.

मार्ग सापडला तो अपघाताने. वैशाखातील एका संध्याकाळी मी सहज विचारले, "आई, तुमच्याकडे आखाजीला काय करायचे गं?" आईचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. ती पाऊण तास बोलत राहिली. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, कडुनिंबाला झोके बांधले जायचे, पूर्वजांच्या नावाने पाण्याची घागर भरली जायची, त्या दिवसानंतरच घरात आमरस सुरू व्हायचा. बोलताना घसा सुकतो. तिने आपण होऊन पाणी मागितले, दोनदा!

तेव्हापासून आमच्या घरी उन्हाळ्यात चार वाजताची बैठक भरते. दोन पेले भरून ठेवायचे, एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे, आणि एखादी गोष्ट काढायची. तिच्या पेल्याकडे लक्ष आहे असे दाखवायचे नाही. मी प्यायलो की तीही पिते. अशा बैठकीसाठी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी पुढे देत आहे.

चैत्रापासूनच सुरुवात करावी. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची बोळवण होते. या महिन्यातील हळदीकुंकवाचा थाट आठवून पाहा. कैरीची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, पन्हे, हातांवर गुलाबपाणी. त्या काळी भर उन्हात दारोदार जाणाऱ्या स्त्रीला प्रत्येक घरी गूळ, मीठ आणि आंबटपणा असलेले पेय मिळत असे. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, याचे ज्ञान प्रयोगशाळेत होण्यापूर्वीच पन्ह्याची कृती ठरून गेली होती. मात्र येथे थोडे थांबून सांगायला हवे. मधुमेह असलेल्यांनी गुळाचे आणि रक्तदाब असलेल्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. फिके ताक किंवा साखरेवाचून केलेले कोकमाचे आगळ घातलेले पाणीही चालते, त्यातही मीठ बेताने.

अक्षय्य तृतीया म्हटले की हल्ली सोन्याच्या जाहिराती समोर येतात. जुन्या दानाची यादी वेगळी होती. पाण्याने भरलेला मातीचा कुंभ, पंखा, छत्री, पायताण. उन्हात चालणाऱ्या माणसाला जे लागते, नेमके तेच. गावोगावच्या पाणपोया याच महिन्यांत उभ्या राहत.

तरीही या पुण्याची एक काळी बाजू आहे आणि ज्येष्ठ वाचकांपैकी काहींनी ती स्वतः भोगली असेल. सर्वांना पाणी देणारी पाणपोई सर्वांसाठी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा ती साधी गोष्ट नव्हती. पुढे २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळा तोंडावर असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. फुले यांची जयंती ११ एप्रिलला आणि आंबेडकरांची १४ एप्रिलला येते. या दिवसांत घरातील आजी-आजोबांना विचारा, तुमच्या गावात पाणी कोठून भरत आणि कोणाला भरू देत. उत्तर ऐकताना कदाचित अवघड वाटेल. पण अशा आठवणी सांगणारी पिढी आपल्याबरोबर फार काळ असणार नाही.

आता थोडे हलके घेऊ. बर्फाचा गोळा आवडत नाही असा माणूस विरळा, पण हिंदुस्थानात बर्फ आला कोठून? अमेरिकेतून! बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तेथील गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला धाडल्या. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करूनही बर्फ शिल्लक राहिला. लवकरच तो मुंबईतही पोहोचला. सर जमशेटजी जीजीभाय यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा जुन्या मुंबईच्या इतिहासात सांगतात. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्यूडरचा बर्फ साठवण्याची गोल इमारत अजून उभी आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ज्यांच्या घरी बर्फ नव्हता, त्यांच्याकडे माठ होता. माठातून झिरपलेले पाणी बाहेरून सुकताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ गार होतो आणि कोकणाच्या दमट हवेत तो तितकासा साथ देत नाही. शरीराचेही असेच आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. रत्नागिरीत पारा नागपूरपेक्षा बराच खाली असूनही जीव घाबरा होतो, तो याच कारणाने. आणखी एक ध्यानात असू द्यावे. हवेचे तापमान ४० अंशांपुढे गेले की नुसता पंखा गरम वाराच अंगावर ढकलतो. अशा वेळी मान, काखा आणि हातापायांवर ओले फडके फिरवणे अधिक उपयोगी. वाळ्याचे पडदे भिजवणारी आपली मागची पिढी हेच करीत होती.

आंब्यावाचून उन्हाळ्याची गोष्ट पुरी व्हायची नाही. आपण ज्याला मोठ्या अभिमानाने आपला म्हणतो त्या हापूसचे नाव पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून पडले. कलमे बांधण्याची कला पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली आणि ‘आफोन्सो’चा मराठी जिभेवर ‘हापूस’ झाला. गोव्याच्या रसिकांना मात्र मानकुरादच थोर वाटतो. या वादात पडू नये, हे बरे!

रेल्वेत नोकरी केलेले कोणी घरात असतील तर त्यांना विचारा, देशातली पहिली प्रवासी गाडी किती वाजता सुटली? १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याकडे, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि एप्रिलचे मुंबईतले ऊन. समारंभाच्या पोशाखात त्या मंडळींची काय अवस्था झाली असेल, याचा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

गोष्टींच्या नादात धोक्याच्या खुणा विसरू नयेत. लघवी गडद किंवा फारच कमी होणे, उभे राहताना भोवळ येणे, नेहमीपेक्षा अधिक सुस्ती, आणि अचानक आलेला बोलण्यातील गोंधळ, यांतले काहीही दिसले तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. अंग तापलेले असून शुद्ध हरपत असेल तर सावलीत न्या, अंग ओले करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यासाठीचे माप डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. त्यांच्या बाबतीत पेला भरताना उत्साह आवरावा लागतो.

शेवटची गोष्ट सावलीची. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या गावाच्या अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. यातला पहिला दिवस मे महिन्यातला. मेच्या आरंभी हा क्षण गोव्यात येतो, ७ तारखेच्या सुमारास कोल्हापुरात, १४च्या सुमारास पुण्यात, एखाद-दोन दिवसांनी मुंबईत आणि २६च्या सुमारास नागपुरात. जणू सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सबंध महाराष्ट्र ओलांडत जातो. दुसरा दिवस पावसाळ्यात येतो, पण तेव्हा ढगांमुळे बहुधा काही दिसत नाही. पुण्यात ही वेळ दुपारी साडेबाराच्या आसपासची. ज्येष्ठांनी उन्हात उभे राहू नये. दाराशी सावलीत खुर्ची टाकावी आणि नातवंडांना अंगणात किंवा गच्चीत एखादी सरळ उभी वस्तू ठेवायला सांगावे.

आमच्याकडे त्यासाठी आईचा पितळी तांब्या ठरला आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीने तो रिकामाच नेऊन ठेवला होता. "भरून ठेव गं, वाऱ्याने पडेल," आईने खुर्चीतून सांगितले. साडेबारा वाजता तांब्याची सावली त्याच्याच बुडाखाली शिरली. आई बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "जळगावला अजून दहा-अकरा दिवस लागतील, नाही का?" आणि शेजारचा पेला उचलला.