फोनची सिस्टीम पुन्हा बसवताना

सुरू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकलेला फोन बाद झाला, असे समजू नये. पुष्कळदा बिघाड ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो आणि ती पुन्हा बसवता येते. प्रश्न एवढाच, की आतले फोटो वाचतील का?

गूगलच्या पिक्सेल फोनचे उदाहरण घ्या. त्याची मूळ सिस्टीम गूगल स्वतःच मोफत देते आणि ती बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. तसे करताच सगळा डेटा पुसला जातो. दुसऱ्यात रिकव्हरी मोडमधून, म्हणजे फोनमधल्या दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या व्यवस्थेतून, पूर्ण ओटीए फाइल, म्हणजे संपूर्ण अपडेटची फाइल, भरतात. अनलॉक करावे लागत नाही आणि डेटाही सहसा राहतो. साहजिकच आधी दुसरा मार्ग वापरावा.

आयफोनही संगणकाला जोडल्यावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय देतो. रिस्टोअर सगळे पुसते.

जुनी आवृत्ती भरण्याचा मोह घातक ठरू शकतो. ऑगस्ट २०२२मध्ये पिक्सेल ६ला अँड्रॉइड १३ मिळाले, तेव्हा सुरक्षेसाठी अँड्रॉइड १२कडे परतण्याची वाटच बंद झाली.

फाइल नेमक्या आपल्याच मॉडेलची आणि कंपनीच्याच संकेतस्थळावरची हवी. बॅटरी भरलेली असावी, केबल मध्येच काढू नये. गूगल खात्याचा पासवर्ड मात्र आधीच तपासून ठेवा. रिकव्हरीतून पुसलेला फोन तो मागतो.