निळ्या पडद्यामागच्या मुंग्या

कॉम्प्युटरमधल्या टीव्ही ट्यूनर कार्डावर चॅनेल दिसेना, की मी सगळ्यात आधी सॉफ्टवेअरमधला निळा पडदा बंद करायला सांगायचो. सिग्नल जरा अशक्त झाला की ही सॉफ्टवेअरं सभ्यपणे अख्खी खिडकी निळी करून टाकत. साध्या टीव्हीवर निदान मुंग्या दिसत. त्या दाट आहेत की विरळ, यावरून खाली बसलेला माणूस गच्चीवरच्याला ओरडून सांगायचा, "अजून थोडं... हां, बस्स!" निळा पडदा मात्र कमजोर सिग्नललाही निळा आणि तुटलेल्या वायरलाही निळाच. पुरावा झाकणारी असली सोय कुणाला सुचली असेल, देव जाणे.

२००४च्या आसपास पुण्यात एका मित्राकडे हेच चाललं होतं. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे, म्हणजे दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे, आणि कार्ड म्हणतंय, चॅनेल सापडलं नाही. वायर कार्डातून उपसून जुन्या टीव्हीला लावली. चित्र आलं, म्हणजे गच्चीपासून खोलीपर्यंत काहीतरी नक्की पोचत होतं.

मग सेटिंग उघडलं. विंडोजमध्ये ट्यूनरला देश सांगायचा तो टेलिफोनच्या कोडने, भारतासाठी ९१. तिथे अमेरिकेचा १ होता. तिकडचं एकेक चॅनेल सहा मेगाहर्ट्झ रुंद, आपल्याकडे व्हीएचएफवर सात. कार्ड इमानेइतबारे भलत्याच जागी शोधत बसलं होतं. आवाजाचंही तसंच. आपल्या पाल-बी पद्धतीत तो चित्राच्या साडेपाच मेगाहर्ट्झ वर असतो, ब्रिटनच्या पाल-आयमध्ये सहा. पाल-आय निवडलं तर चित्र उमटतं, आवाजाच्या जागी नुसती खरखर.

९१ आणि पाल-बी निवडल्यावर चित्र आलं, पण दुहेरी. प्रत्येक निवेदिकेच्या उजव्या खांद्याला चिकटून तिचीच फिकट सावली. ही सावली म्हणजे मनोऱ्याकडून थेट न येता एखाद्या इमारतीवर किंवा टेकडीवर आपटून उशिरा पोचलेला सिग्नल. उशीर किती, ते पडद्यावरच मोजता येतं. एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत रेखला जातो आणि लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते. सावली पडद्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी सरकलेली असेल, तर त्या लहरीने दीडेक किलोमीटरचा जास्तीचा फेरा मारलेला असतो. यावर बूस्टर हा उपाय नव्हे. तो सावलीही तितकीच वाढवतो. अँटेना सिंहगडापासून किंचित तिरकी केली, मूळ सिग्नल थोडा घटला, पण परावर्तित लहर अँटेनाच्या आंधळ्या कोनात गेली आणि चेहरा एकटा झाला.

उरल्या बारीक तिरक्या रेघा. त्यांची परीक्षा सोपी होती. वायर पुन्हा टीव्हीला लावायची आणि शेजारचा कॉम्प्युटर चालू-बंद करून बघायचा. चालू केला की टीव्हीवरही रेघा, म्हणजे चोर कॅबिनेटमध्ये. तिथला पॉवर सप्लाय कचरा उधळतो आणि गच्चीवरून आलेली चपटी, उघडी वायर तो वाटेत गोळा करते. बरेच जण तीनशे ओहमची ती पट्टी थेट टेबलापर्यंत आणत आणि बलून, म्हणजे पट्टी आणि ७५ ओहमची वायर जुळवणारा छोटा जोड, तिथे लावत. बलून गच्चीवर, अँटेनाच्या टोकालाच हवा. तिथून खाली जाळीवाली ७५ ओहमची कोअॅक्सियल. कार्डही ग्राफिक्स कार्डापासून लांब, सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. रेघा पुष्कळ कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत.

दूरदर्शनचे बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२पर्यंत बंद झाले. त्याआधी, २०१६मध्ये, मुंबई आणि औरंगाबाद धरून सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण आलं होतं. त्यात मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. चित्र एक तर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोनांत फुटून गोठतं. तिथे सॉफ्टवेअरमधले दोन आकडे बघायचे, ताकद आणि दर्जा. ताकद भरपूर आणि दर्जा तळाला असेल तर बूस्टर काढून बघावा. आणि जुनं डिजिटल कार्ड हाताशी असेल तर गच्चीवर चढण्याआधी त्याच्या खोक्यावर डीव्हीबी-टी२ लिहिलंय का ते वाचावं. आपलं प्रक्षेपण त्याच पद्धतीचं आहे, नुसत्या डीव्हीबी-टीच्या कार्डाला ते कळत नाही.