युरियाची गोणी आणि जीवामृताचे पिंप

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील भातखाचरे व गायराने आहेत. पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, भाजीपाला आणि दुधाचा धंदा उभा राहिला आहे. या पूर्व भागात गाईंसाठी मका, लसूणघास व संकरित नेपियर लावतात आणि कापणीनंतर युरिया टाकण्याची रीत पडली आहे. त्याऐवजी घरी केलेले जीवामृत वापरावे, असा आग्रह आता धरला जातो. तो भावनेवर न सोडता हिशेबाच्या कसोटीस लावणे अगत्याचे आहे.

दोनशे लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोन किलो गूळ व डाळीचे पीठ आणि मूठभर बांधावरची माती, ही सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेली एका एकराची कृती. या साऱ्या जिनसांतील नत्र पाव किलोच्या आसपास भरते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे २१ किलो असते. उलट, एक टन हिरवे नेपियर कापले की जमिनीतून अडीच-तीन किलो नत्र निघून जाते. तेव्हा जीवामृत हे विरजण होय. दूधच नसेल तर विरजणाने दही लागत नाही.

पैशाचा हिशेबही बोलका आहे. गोणी सुमारे २६७ रुपयांस मिळते. गूळ व पीठ विकत आणल्यास तेवढाच खर्च होतो, शिवाय घरच्या बायकांची मेहनत वेगळी. गोणीची उरलेली किंमत सरकारी तिजोरी सोसते. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. अशा स्थितीत युरिया उचलणाऱ्या शेतकऱ्यास अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल.

तथापि, सूक्ष्मजीवांचा मार्ग बंद नाही. लसूणघास द्विदल आहे. योग्य रायझोबियम मिळाल्यास तो हवेतील नत्र स्वतःच बांधतो. फाजील युरियाने मात्र मुळांवरील गाठी मंदावतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अशी जीवाणू संवर्धके तयार होतात. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम पुरते. जुन्या घासाच्या वाफ्यातील माती नव्या वाफ्यात मिसळणे हाही घरगुती उपाय आहे. नेपियरसाठी मात्र गोठ्यातील शेण-मूत्र रानात परत गेले पाहिजे. जनावराने टाकलेल्या नत्राचा निम्म्याच्या आसपास भाग मूत्रात असतो आणि तोच गोठ्याच्या मातीत मुरून वाया जातो.

म्हणून गोठ्याला पक्की जमीन, मूत्राची नाली व टाकी यांसाठी अर्थसाहाय्य देणे हे शासनाचे पहिले कर्तव्य ठरते. तेवढे झाल्यावर जीवामृताच्या पिंपाला अर्थ येईल. तोवर युरिया एकाएकी बंद करण्याचा उपदेश म्हणजे दुधाच्या पैशावर घर चालविणाऱ्या कुटुंबाच्या जिवावर केलेला प्रयोग होय.