एल्कच्या शिकारीसाठी स्लीपिंग बॅग निवडताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या रॉकीज डोंगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे अनेक जण तंबू, शिधा, रायफल सगळं पाठीवर नेतात. शिकार साधली तर मांसही पाठीवरूनच उतरवायचं! त्यामुळे स्लीपिंग बॅग हलकी हवीच, पण बॅगच्या नावातल्या तापमानाला भुलू नका. आयएसओ २३५३७ चाचणीचे दोन आकडे बघा: 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान; लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी काढलेली रात्र. उणे ७ अंश सेल्सियस लिमिटच्या बॅगेचं कम्फर्ट साधारण उणे १च्या आसपास असतं. निवड कम्फर्टवरूनच करा.

आत पिसं की कृत्रिम तंतू? वजनात पिसं जिंकतात. ८५० फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसं फुलून ८५० घन इंच जागा व्यापतात. मात्र भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. रॉकीजच्या कोरड्या थंडीत मी पिसंच निवडेन. अलास्काच्या पावसाळी किनाऱ्यावर कृत्रिम.

अंगाखाली दबलेला थर फारशी ऊब देत नाही, म्हणून खाली अंथरायच्या मॅटची आर-व्हॅल्यू (उष्णता रोखण्याची क्षमता) ४-५ तरी हवी. इथे काटकसर नको.

आणि घरी आल्यावर बॅग छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, सैल ठेवा. दबलेली पिसं हळूहळू फुलणं सोडतात.