352 नंबरचं बटण

गेल्या महिन्यात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा नवा डबा आला. त्याच्या रिमोटवर आकडे नाहीत. त्याऐवजी सिनेमे-मालिका विकणाऱ्या चार कंपन्यांच्या नावांची चार बटणं आहेत, आणि त्यांतल्या तिघींची वर्गणी आम्ही भरत नाही. आईचा अंगठा नेमका त्यांतल्याच एकीवर पडतो आणि पडद्यावर ‘पैसे भरा’ची पाटी येते. बटणाचं काम बदलण्याची सोय सेटिंगमध्ये शोधली. नाही. मग चिडून रिमोटच्या जुन्या फाइली उघडल्या.

नव्वदच्या दशकातल्या रिमोटबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीत असायचा, एवढंच. गोष्ट सुरू होते 2003 मध्ये, पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेल्या बीटी 878 चिपच्या टीव्ही ट्यूनर कार्डापासून. संगणकावर लिनक्स होतं. स्वस्त कार्डं स्वतःची ओळख सांगत नसत, त्यामुळे ड्रायव्हरच्या यादीतला एकेक क्रमांक लावून बघायचा, आवाज येईपर्यंत. चित्र आलं, आवाज आला, रिमोट मात्र ढिम्म.

बटण दाबलं की रिमोट न दिसणारा प्रकाश लुकलुकवतो. एनईसी नावाच्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंद उजेड, मग साडेचार मिलिसेकंद अंधार, मग 32 बिट. त्यातून एक संख्या निघते. त्या संख्येचा अर्थ ‘आवाज वाढव’ की ‘चॅनेल बदल’, हे कारखानदाराच्या मर्जीवर. एकाच दुकानातले दोन हुबेहूब दिसणारे रिमोट वेगळी भाषा बोलत. ख्रिस्टोफ बार्टेलमुस वगैरे मंडळींच्या ‘लर्क’ (एलआयआरसी) या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने यावर सरळ उपाय काढला होता: अंदाज बांधायचा नाही, मालकालाच विचारायचं. त्यातलं ‘आयआररेकॉर्ड’ चालवायचं आणि पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी भरेपर्यंत, एका ओळीत 80 ठिपके, वेगवेगळी बटणं दाबत राहायचं. अंगठा भरून यायचा. शेवटी हातात एक साधी मजकुराची फाइल पडायची: डावीकडे नाव, उजवीकडे संख्या. नाव तुम्ही ठेवाल ते. माझ्या फाइलीत लाल बटणाचं नाव ‘आई_बातम्या’ होतं, रोमन अक्षरांत. संध्याकाळी सातला ते दाबलं की सह्याद्री लागायची.

2009 मध्ये कर्नलवाल्यांत, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांत, जोरदार वाद झाला. रिमोट म्हणजे कमी बटणांचा कीबोर्डच, मग संख्येचा अर्थ कर्नलनेच का लावू नये? तत्त्वतः बरोबर होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. 2010 मध्ये 2.6.35 आणि 2.6.36 या कर्नलच्या आवृत्त्यांतून तशी नवी व्यवस्था आली. ‘लर्क आता जुनं झालं, काढून टाका,’ असं सांगणारे गल्लोगल्ली निघाले. मी काढलं. रिमोट फाइलीशिवाय, आपोआप चालू लागला. फक्त ओके आणि लाल बटण मेलं.

मेलं नव्हतं. कर्नलला काय ऐकू येतं ते दाखवणारं ‘आयआर-कीटेबल’ लावून पाहिलं तर कर्नलला ते लख्ख ऐकू येत होतं. कर्नलच्या यादीत ओकेचा क्रमांक 352, लालचा 398. पण त्याच्या वर पडदा सांभाळणाऱ्या एक्स विंडोमध्ये बटणाच्या क्रमांकाला जागा एका बाइटची, म्हणजे 255 पर्यंतच, आणि तिथे पोचताना क्रमांकात आणखी 8 मिळवले जातात. त्यापलीकडचं सगळं वाटेतच गळायचं. रिमोटवरचं सगळ्यात मोठं बटण, आणि त्यालाच आत जागा नाही! ‘काढून टाका’वाल्यांना हे कधी जाणवलं नाही, त्यांच्या घरी लाल बटण कोणी दाबत नसावं. शेवटी कर्नलच्या संख्या-नावांच्या कोष्टकात ओकेला एंटर म्हटलं, लालला एक एफ-की दिली, कोष्टक पुन्हा चढवलं. दहा मिनिटांचं काम. चिडचिड झाली, पण कोष्टक माझ्या हातात होतं.

पुढे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला, त्याचा रिमोटचा जुना ड्रायव्हरही यथावकाश गेला. ती वर्षं सोडून देतो.

नवा डबा अँड्रॉइडवर चालतो, म्हणजे खाली तेच लिनक्स. परवा रात्री तो लॅपटॉपला जोडून आत डोकावलो. ‘कीलेआउट’ नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली, प्रत्येक ओळीत एक संख्या आणि एक नाव. वीस वर्षांपूर्वीची ओळखीची आकृती, बसल्या जागी दुरुस्त करता येईल अशी. वाचायला परवानगी होती. लिहायला गेलो तर उत्तर आलं: हा भाग फक्त वाचण्यासाठी.

आईला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि सकाळी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. दुपारी आणखी एक पदर लावला, कारण एका पदराखालून ते दाबलं जात होतं.