शुगर, नवऱ्याचा अबोला आणि स्टेम सेलचं इंजेक्शन

आज आम्ही जो विषय घेतलाय, तो गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण त्याच्यापायी कर्ज काढलं जातं, दागिने गहाण पडतात आणि अर्जावर कारण लिहिलं जातं नुसतं 'दवाखाना'.

भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना शुगर आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. डोळ्यांच्या, पायांच्या होतात, तशा पुरुषाच्या लिंगाच्याही होतात. मग ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही. हा आजार आहे. यात बायकोचा दोष नाही आणि नवऱ्याचा कमीपणाही नाही. पण माणूस लाजेनं गप्प होतो, चिडचिड करतो आणि मोबाइलवरची जाहिरात बघून एकटाच निघतो.

अशा जाहिरातींत आता 'स्टेम सेल' हा शब्द आलाय. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. तिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. ती टोचली तर खराब झालेल्या नसा आणि रक्तवाहिन्या सुधारतील, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. २०१० साली दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी शुगर असलेल्या सात पुरुषांवर हे करून बघितलं. थोडा फरक पडला, पण संबंधासाठी तेवढा पुरला नाही, सोबत गोळी लागलीच. सात झाडांवर औषध मारून बघितलं म्हणून कुणी सगळ्या शिवारात फवारणी करत नाही. हेही तसंच आहे.

आपल्या देशात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूळपेशींचा नेहमीचा उपचार फक्त रक्ताच्या काही आजारांसाठी मान्य आहे. बाकी आजारांवर तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनातच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी लाखभर रुपये मागून 'गॅरंटी' देत असेल, तर तिथूनच माघारी फिरा. शुगर आणि नपुंसकत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

मग करायचं काय? आधी दोघांनी मिळून सरकारी दवाखान्यात जायचं. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात, आशाताईंना विचारा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगरची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. शुगर ताब्यात ठेवणं, तंबाखू-बिडी आणि दारू सोडणं, रोज चालणं, यानं पुढचं नुकसान कमी व्हायला मदत होते. 'गोळ्यांमुळंच असं झालं' म्हणून शुगर-बीपीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. एखादी गोळी बदलायची असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

ताठरपणासाठी गोळ्या आहेत आणि बऱ्याच जणांना त्या लागू पडतात. पण मेडिकलमधून परस्पर आणू नका. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसानं ही गोळी घेतली, तर बीपी एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. गोळीनं भागलं नाही तर पंप, इंजेक्शन असे दुसरे मान्य उपायही आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड कधीकधी तिथं आधी दिसतो. लाजून लपवलेली ही तक्रार हृदयविकाराची आधीची सूचना असू शकते. हृदयाची तपासणीही करून घ्या.

गटातल्या बायांना एवढंच सांगणं आहे: अशा उपचारासाठी कुणी कर्ज मागितलं, तर तिला चारचौघींत कारण विचारू नका. अध्यक्ष किंवा सचिवानं बाजूला बसवून दोन प्रश्न विचारावेत. सरकारी डॉक्टरांना दाखवलं का? हा उपचार मान्य आहे, असं त्यांनी सांगितलं का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच कर्जाचं बघू. तिची लाजही राखली जाईल आणि गटाचा पैसाही.